ओवेन रॅफर्टी करामाला जातो

दुबईहून येताना माणसं सामान आणतात. मी जाताना नेलं. दोन किलो सुके बोंबील, सुकेळ्यांचे चार पुडे, एक खोटी दाढी आणि एक आयरिश मंत्री.

मंत्री कागदावर होता. मी वसईच्या एका शाळेत इतिहासाचा मास्तर आणि उरलेल्या वेळात नट. आमचे हेडमास्तर हे उलट क्रमाने सांगतात. शाळेचं जुनं कपाट साफ करताना एक इंग्रजी पुस्तक निघालं. त्याची पहिली चाळीस पानं वाळवीने खाल्ली होती, त्यामुळे लिहिणाऱ्याचं नाव फक्त वाळवीला माहीत. उरलेल्या पानांत ओवेन रॅफर्टी नावाच्या माणसाचं आयुष्य होतं. आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या खेड्यातला हा शेतमजुराचा मुलगा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथल्या बटाट्यावर रोग पडला आणि बटाट्यावरच जगणारी माणसं पटापट मेली. ओवेन विशीच्या आत जहाजात बसून ऑस्ट्रेलियाला गेला. तिथे सोन्याच्या खाणींकडे बैलगाड्या हाकल्या, मग तंबूत दुकान टाकलं, मग खानावळ, मग खानावळीत जेवणाऱ्यांपुढे भाषणं. चाळिशीत तो त्या वसाहतीच्या विधिमंडळात निवडून आला आणि पन्नाशीत जमीन खात्याचा मंत्री झाला. ज्याच्या बापाकडे वीतभर जमीन, तीही कुळाची, तो माणूस हजारो एकर वाटत होता. ती जमीन आधी कुणाची होती यावर पुस्तकात अर्धी ओळ आहे, आणि माझ्या नाटकात तीही नव्हती. हे पाप माझ्या नावावर.

या माणसावर मी एकपात्री नाटक लिहिलं आणि वसई ते डहाणू अकरा प्रयोग केले. प्रेक्षक मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरली असे त्यांतले दोन. त्यामुळे नव्वदचं दशक संपत आलं असताना एका डिसेंबरात बावतीसचा दुबईहून फोन आला, की इथे आपल्या मराठी माणसांचं छोटं मंडळ आहे, तुझा तो ऑस्ट्रेलियावाला घेऊन ये, व्हिसा-तिकिटाचं आम्ही बघतो, तेव्हा मला वाटलं कीर्ती समुद्र ओलांडून गेली. बावतीस आणि मी पहिलीपासून एका बाकावर. तो वीस वर्षांपूर्वी दुबईला गेला, हॉटेलात कपबशा उचलण्यापासून सुरुवात करून मोठ्या मेजवान्यांचा कारभारी झाला. वसईत त्याची आई एकटी असते. तो तिला आय म्हणतो, म्हणून मीही आयच म्हणतो.

बोंबील आणि सुकेळी तिचीच. पुडे बांधता बांधता तिने मला एक काम सांगितलं.

"मेमध्ये येणार का, ते विचार त्याला. फोनवर विचारलं की 'बघू' म्हणतो. फोनमधलं 'बघू' मला दिसत नाही, दिनू. तू त्याचं तोंड बघ आणि मला येऊन सांग."

पाच मे महिने तो आला नव्हता.

मंगळवार

जानेवारीत दुबईच्या विमानतळावर पांढऱ्याशुभ्र झग्यातल्या एका तरुण अधिकाऱ्याने माझी पेटी उघडली. वर दाढी होती, खाली बोंबील. दोघांनी तीन तास एकत्र प्रवास केला होता. त्याने बोंबलाचा वास घेतला, मग दाढीचा घेतला, आणि दोन्ही एकाच प्राण्याचे भाग असावेत अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं. मी 'ड्रामा, ड्रामा' म्हणत दाढी लावून दाखवली. त्याचे दोन सहकारी बघायला आले. मी उत्साहाच्या भरात ओवेनच्या निवडणुकीच्या भाषणाची पहिली दोन वाक्यं म्हटली, मराठीत. अधिकारी अत्यंत गंभीरपणे ऐकत राहिला, मग पेटीचं झाकण लावून म्हणाला, "खलास. यल्ला, यल्ला," म्हणजे झालं, निघा. परदेशातली माझी पहिली दाद ती.

बाहेर बावतीस उभा होता. पोट वाढलेलं, केस गेलेले, हसणं तेच.

"ये नट्या," तो म्हणाला. "दाढीसकट आलास? इथे आधीच कमी आहेत का?"

ती दुबई आता राहिली नाही म्हणतात. नुकताच जाऊन आलेला माझा एक विद्यार्थी सांगत होता, की सकाळी पाहिलेली इमारत संध्याकाळी दोन मजले वाढलेली असते. मी पाहिली त्या दुबईत मुख्य रस्त्यावर बोटांवर मोजता येतील एवढे मनोरे होते, आणि दोन मनोऱ्यांच्या मधून वाळवंट डोकावत होतं, पडद्याच्या फटीतून प्रेक्षक बघणाऱ्या नटासारखं. आणि बावतीस राहतो ते करामा तर आपल्याकडच्या एखाद्या सरकारी वसाहतीला लाजवेल इतकं ओळखीचं. तीन-चार मजली ठेंगण्या इमारती, गॅलरीत वाळत घातलेल्या चादरी, खाली केरळी खानावळ, शेजारी साड्या, शेजारी भांडी. जिन्यात कुणाच्या तरी फोडणीचा वास. मी तर चपला दाराबाहेर काढल्या आणि क्षणभर विसरलो की आपण परदेशी आलो आहोत.

घरात मात्र भिंती उघड्या होत्या आणि दिवाणखान्यात खोकी रचलेली. फक्त देव्हारा जागेवर, मेरीमाउलीपुढे लाल दिवा.

मी विचारलं, "मोठं घर घेतलंस की काय?"

"हो," बावतीस म्हणाला, "मोठंच."

त्याची बायको ग्लोरिया दवाखान्यात नर्स आहे. ती एकदम स्वयंपाकघरात गेली. मला तेव्हा वाटलं, बोंबील बघायला गेली. जेवायला खुबूस, म्हणजे तिथली भाकरीएवढी रोटी, आणि आयच्या बोंबलाची चटणी. अरबस्तान आणि वसई यांचं लग्न मी ताटात लावलेलं पाहिलं, आणि ते सुखाने नांदलं. चौदा वर्षांची त्यांची मुलगी शेरॉन मात्र सुकेळीचा तुकडा दोन बोटांत धरून बघत होती. मी तिला मराठीत सांगितलं, की तुझी आजी ही केळी उन्हात वाळवते, कावळ्यांशी भांडत. ती इंग्रजीत म्हणाली, की तिला आजीचा फक्त आवाज आठवतो. वाईट वाटून घेऊन नाही, सहज म्हणाली.

बुधवार

सकाळी शेरॉन मला खाडी दाखवायला घेऊन गेली. तिच्या शाळेला सुट्टी नव्हती, पण ती शाळेत जात नव्हती, याचंही मला नवल वाटलं नाही. मी इतिहासाचा मास्तर आहे. माझ्यासमोर घडत असलेलं मला दिसत नाही.

दुबईची खाडी म्हणजे मोठी गंमत. एका काठावर जुनी दुबई, दुसऱ्यावर देरा, आणि मधून अब्रा नावाच्या लाकडी होड्या फटफट करत माणसं ओढतात. मध्ये लाकडी बाक, त्यावर पाठीला पाठ लावून बसायचं. कठडा नाही, तिकीट नाही. माणसं भरली की होडी सुटते. अर्धा दिरहम, म्हणजे पावणेसहा रुपये, असं मी मोठ्याने म्हटलं, तर बाकावरचे चार जण एकदम हसले. ते सगळे पहिल्या महिन्यात हेच करत होते म्हणे. काठाला मोठी गलबतं लागलेली, त्यांवर टायर, फ्रीज आणि बिस्किटांचे खोके असा ढीग, आणि खलाशी डेकवर शांतपणे कपडे धूत बसलेले. डिझेल, वेलची आणि खारं पाणी यांचा मिळून एक वास. डोळे मिटले असते तर आमच्या वसईचं पाचूबंदर.

मी शेरॉनला ओवेनची गोष्ट सांगायला लागलो. तो ऑस्ट्रेलियाला कसा गेला तिथवर आलो आणि ती म्हणाली, "सेम लाइक अस."

मी म्हटलं, "अस म्हणजे?"

"वी आर गोइंग टू पर्थ, अंकल. फर्स्ट वीक ऑफ फेब्रुवारी. डॅडा डिडंट टेल यू?"

होडी मधोमध होती. उतरून जायची सोय नव्हती. मी एवढंच विचारलं, की आजीला माहीत आहे का. शेरॉनने खांदे उडवले. डॅडा तिकडे पोचल्यावर फोन करणार आहे, असं ती सांगत होती. तिकिटं दुबईहून सरळ आहेत. आणि शुक्रवारचा कार्यक्रम म्हणजे त्यांचाच सेंड-ऑफ. सगळ्या करामाला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त आयला आणि आयच्या वकिलाला.

गुरुवार

गुरुवारी बावतीसने मला वाळवंट दाखवलं. त्याची गाडी जुनी, आणि त्याचं वाळवंटातलं कौशल्य त्याहून जुनं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे वाळूत गाडी हाकायची एक युक्ती असते. ती युक्ती त्याला येते असं तो म्हणाला नव्हता, हे मला नंतर आठवलं. डांबरी रस्ता सोडून आम्ही दोनशे पावलं गेलो असू, आणि मागची चाकं कोंबडीसारखी अंडी उबवायला बसली.

मला मात्र त्या वाळूने वेड लावलं. वाळवंट पिवळं असतं असं मी वर्गात वीस वर्षं सांगत आलो. ते तांबूस असतं, ताज्या विटेच्या चुऱ्यासारखं, आणि वाऱ्याने त्यावर ओहोटीनंतरच्या किनाऱ्यासारख्या रेघा उठतात. फक्त समुद्र कुठे गेला ते कळत नाही. लांब पाच उंट चालले होते, एकामागून एक, पेन्शन आणायला निघाल्यासारखे. मी दाढी लावून एका टेकाडावर चढलो आणि ओवेनचं विधिमंडळातलं पहिलं भाषण त्या उंटांना म्हणून दाखवलं. शेवटच्या उंटाने मान वळवली.

खाली बावतीस गाडीला टेकून बसला होता. मदत येईपर्यंत त्याला पळता येणार नव्हतं. मी दाढी काढली आणि विचारलं.

त्याने नाकारलं नाही. शेरॉनची शाळा संपली की तिला या देशात जागा नाही, नोकरी आहे तोवर व्हिसा आहे, व्हिसा आहे तोवर आपण आहोत, हे त्याने मला फार शांतपणे समजावून सांगितलं. आयुष्याची वीस वर्षं त्याने इथे घातली आणि त्याच्या नावावर इथे काय, तर पार्किंगचा एक दंड. वसईला परत जावं तर शेरॉन तिथली नाही. पर्थमध्ये ग्लोरियाला इस्पितळाने बोलावलं होतं. यात मला खोडून काढण्यासारखं काही सापडलं नाही, म्हणून मी जास्तच चिडलो.

"आणि आयला न सांगता?"

"गेल्या वेळी टॅक्सी दारात होती नट्या," तो म्हणाला, "आणि ती माझ्या बॅगेवर बसली. बोलली नाही, रडली नाही. नुसती बसली. मी अठ्ठेचाळीस वर्षांचा बाप्या, आईला उचलून बाजूला ठेवली आणि निघालो. आता पुन्हा होणार नाही माझ्याच्याने. तिथे पोचतो, फोन करतो. झालेली गोष्ट झालेली असते."

मी म्हटलं, की तिने मला तुझं तोंड बघायला पाठवलं आहे, आता तिला मी काय सांगू?

"सांग, जाड झालाय."

मग थोड्या वेळाने तो खरोखर खुशीत म्हणाला, की सेंड-ऑफला माझंच नाटक हवं हा त्याचा हट्ट होता. मंडळाला एखादं विनोदी हवं होतं, म्हणून त्याने हे विनोदी आहे असं सांगून टाकलं होतं. त्याने ते पाहिलं नव्हतं, वाचलं नव्हतं. मी एका सुट्टीत सांगितलेलं त्याला एवढंच आठवत होतं की एक गरीब माणूस ऑस्ट्रेलियाला जातो आणि मंत्री होतो.

"शकुन आहे रे तो," बावतीस म्हणाला. "तुझा माणूस उपाशी गेला आणि मंत्री झाला. मी तर जेवून चाललोय."

पाण्याचा टँकर घेऊन एक पठाण आला. आमची गाडी दोराने ओढून काढली, पैसे घेतले नाहीत, आणि माझ्या हातातल्या दाढीकडे व स्वतःच्या छातीपर्यंतच्या दाढीकडे आळीपाळीने बघून हिंदीत म्हणाला, की सब्र करा, उगवेल.

शुक्रवार

तिथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून रविवारचा मिस्सा शुक्रवारी. मी बावतीसच्या घरच्यांबरोबर गेलो. देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, आवारात तागालोग, कोकणी, मल्याळम, तमिळ, अरबी अशा भाषांत माणसं देवाला गाठत होती. वार बदलला तर देवाला चालतं का, असं मी बावतीसला कुजबुजत विचारलं. तो म्हणाला, देवसुद्धा इथे व्हिसावरच आहे, कंपनी सांगेल तेव्हा सुट्टी.

घरी आल्यावर ग्लोरियाने मला स्वयंपाकघरात गाठलं. तिने माझी संहिता वाचली होती, खुणेसाठी मध्ये दवाखान्यातलं एक थर्मामीटरचं पाकीट ठेवलं होतं.

"दिनूभाऊ, तो फर्स्ट हाफमधला सीन कट करा. प्लीज."

कोणता, ते विचारायची गरज नव्हती. त्या काळी आयर्लंडात एक रीत होती. तिकडे घरात माणूस मेलं की शेजारीपाजारी जमून प्रेताजवळ बसतात, खातात, पितात, गातात, बायका मेलेल्याचं आयुष्य आळवून रडतात. आणि समुद्रापार जाणारा कुणीच परत येत नसल्यामुळे, निघायच्या आदल्या संध्याकाळी असंच त्या जाणाऱ्यासाठी बसायचे. तो जिवंत, मधोमध खुर्चीवर. जित्या माणसाची मयत. त्याने ती पूर्ण ऐकायची आणि मग उठून जायचं. ओवेनच्या आईने गाव बोलावलं होतं. आईचं रडणं ऐकवणार नाही म्हणून ओवेन त्या दिवशी पहाटेच खिडकीतून पळाला. त्याच दहा मिनिटांसाठी मी अख्खं नाटक लिहिलं होतं. मंत्री होणं वगैरे नंतरची शिवण.

ग्लोरिया म्हणाली, "ही विल ब्रेक. हा माणूस रोज रात्री उठून पाणी पितो आणि आयला फोन लावतो, रिंग वाजायच्या आत कट करतो. तीन वर्षं लागली हे पेपर्स यायला. आता नको."

मी शब्द दिला. नटाकडून त्याचा सर्वोत्तम प्रवेश मागून घेणं म्हणजे गवयाला तोंड मिटून गायला सांगणं, पण तिच्या डोळ्यांकडे बघून मी दिला.

प्रयोग दुपारी तीनला, एका उपाहारगृहाच्या वरच्या पार्टी हॉलमध्ये. हॉल वाढदिवसाच्या नावाने घेतला होता, त्यामुळे मालकाने आपणहून सजावट केलेली. माझ्या मागे चकचकीत अक्षरांत 'हॅपी बर्थडे' आणि दोन्ही बाजूंना फुगे. त्या फलकाखाली मी आयर्लंडचा दुष्काळ उभा केला. साठेक माणसं, निम्मी मुलं. मी कुजलेला बटाटा हातात धरून थरथरत होतो आणि खालच्या भटारखान्यातून प्रयोगानंतरच्या बटाटेवड्यांचा घमघमाट वर येत होता. पुढच्या रांगेतला एक गृहस्थ डोळे मिटून तो वास घेत होता, मी मात्र तो माझ्या अभिनयात बुडाला असं समजलो.

बावतीस दिव्याच्या बटणाजवळ उभा होता. मी ओवेनला शेतातून काढला आणि सरळ जहाजात बसवला. मधली दहा मिनिटं गाळली. कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या अंकात तर हॉल माझा होता. ओवेनचे विरोधक त्याला चिडवायला विधिमंडळात बटाटा फेकतात, ओवेन तो झेलतो आणि सभापतींना म्हणतो, की सन्माननीय सदस्यांनी भुकेल्यांसाठी केलेलं हे पहिलंच काम आहे, याची नोंद व्हावी. टाळ्या, शिट्ट्या, खाली पडलेला बटाटा न्यायला आलेलं एक बाळ. मूळ नाटकाच्या शेवटी म्हातारा मंत्री रिकाम्या बंगल्यात स्वतःची ती चुकवलेली संध्याकाळ एकट्याने मांडतो. पहिल्या अंकातला प्रवेश नसताना त्याला अर्थ नव्हता. म्हणून मी शपथविधीवरच पडदा पाडला, म्हणजे बावतीसने दिवा मालवला. लोक उभे राहिले. बावतीस सर्वांत जोरात टाळ्या वाजवत होता.

मंडळाच्या अध्यक्षबाईंनी पर्थला निघालेल्या कुटुंबाला शुभेच्छा दिल्या आणि कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा म्हणाल्या. मोठी माणसं वड्यांकडे बघत होती. हात वर गेला तो शेरॉनचा.

"अंकल, ही जस्ट गेट्स ऑन द शिप. हू डिड ही से बाय टू?"

मी ग्लोरियाकडे पाहिलं. तिने मान खाली घातली होती. मला सहज थाप मारता आली असती. थापा मारण्यात मी बऱ्यापैकी नावाजलेला आहे. पण मुलीने फार सरळ विचारलं होतं, आणि गाळलेल्या जागेवरच नेमकं बोट ठेवलं होतं. शब्द मी प्रवेश न करण्याचा दिला होता, खोटं बोलण्याचा नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.

"कुणालाच नाही," मी म्हणालो.

"व्हाय?"

मी दाढी काढली आणि अभिनय न करता, वर्गात सांगतो तसं सांगितलं. ती रीत सांगितली. खिडकी सांगितली. लोकांना आमंत्रण गेलेलं होतं, त्यामुळे त्या संध्याकाळी सगळा गाव आला, हेही सांगितलं. आईने खुर्ची मांडली होती. ओवेन नव्हता म्हणून ती काढायची, तर तिने काढू दिली नाही. रिकाम्या खुर्चीपुढे ती जेवढं रडायचं तेवढं रडली. हे ओवेनला शेजाऱ्याच्या पत्रातून अकरा महिन्यांनी कळलं, सोन्याच्या खाणीवर. पुढे तो हजार सभांत बोलला. पण म्हातारपणी त्याने लिहून ठेवलं, की ज्या एका सभेला मी हजर राहायला हवं होतं, ती माझ्याशिवाय झाली.

हॉलमध्ये फुग्यांच्या एकमेकांवर घासण्याचा आवाज येत होता. शेरॉनने मागे वळून बापाकडे पाहिलं. बाकी कुणी पाहिलं नाही, इतकी ती माणसं चांगली होती.

बावतीस दिव्याची वायर हातावर गुंडाळत होता. गुंडाळून झाली, ती त्याने सोडली आणि पुन्हा गुंडाळली.

"हॉल सहापर्यंतच आहे," तो म्हणाला. "आवरा चला."

घरी जाताना तो माझ्याशी बोलला नाही. ग्लोरियाही नाही. मागच्या सीटवर मी, दाढी मांडीवर घेऊन.

शनिवार

सकाळी नाश्ता झाला. मी बॅग भरायला घेतली. माझं विमान तसंही संध्याकाळचं होतं. तेवढ्यात बावतीस म्हणाला, "चल," आणि आम्ही चालत निघालो. खाली केरळी खानावळीत उभ्याने चहा प्यायलो. मग तो कोपऱ्यावरच्या तिकीटवाल्याकडे शिरला, खिशातून तीन तिकिटं काढून टेबलावर ठेवली आणि हिंदीत म्हणाला, की ही व्हाया बॉम्बे करून दे, मध्ये चार दिवस.

तिकीटवाला कुरकुरला. सीझन आहे, जागा नाहीत, इन्शाल्ला बघू.

"बघू नको," बावतीस म्हणाला. "कर."

बाहेर आल्यावर त्याने मला बजावलं, की आयला पर्थबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, ते तो स्वतः सांगेल, समोर बसून. मी फक्त एवढंच सांगायचं की मेमध्ये नाही, फेब्रुवारीत येतोय, तिघं. आणि पुढे म्हणाला, "फुकटचा नट आणला गावाहून. वड्यांचाच खर्च करायला हवा होता."

मी वसईला आलो तो सरळ आयच्या ओट्यावर गेलो. फेब्रुवारीत येतायत असं सांगितलं, अगदी उड्या मारत सांगितलं. तो माझ्या कारकिर्दीतला सर्वांत उत्तम अभिनय होता. आय तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "कायमचे चालले ना कुठेतरी?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता पुढचे तांदूळ निवडायला लागली.

वसई, फेब्रुवारी

हे प्रवासात धरायचं का मला ठाऊक नाही. पण माझा प्रवास त्या अंगणात संपला.

बावतीसने तिला पहिल्याच दिवशी सांगितलं, पर्थचं आणि माझ्या गाळलेल्या प्रवेशाचंही. तीन दिवस ती त्यांना खाऊ घालत राहिली, आणि चौथ्या दिवशी, निघायच्या आदल्या संध्याकाळी, तिने सगळी आळी जेवायला बोलावली. रोझरी झाली. अंगणात चटया टाकल्या, मधोमध खुर्ची ठेवून तीवर बावतीसला बसवलं. त्याच्या एका बाजूला ग्लोरिया, दुसऱ्या बाजूला शेरॉन. मग आय मला म्हणाली, "दिनू, ते तुझं कर. आणि इथे काही गाळू नकोस."

मी मन लावून केलं. बटाटे कुजवले, बाप मारला, गाव जमवलं. ओवेनच्या आईचं रडणं येतं तिथे मी डोक्यावरून टॉवेल घेतो आणि आवाज बारीक करतो. त्या जागेला डहाणूत दोन बायका उठून बाहेर गेल्या होत्या, याचा मला अभिमान आहे. मी टॉवेल घेतला. आय जागेवरून उठली.

"ते राहू दे," ती म्हणाली. "तू बस. हे माझं काम आहे."

आणि तिने सुरुवात केली, बावतीसच्या जन्मापासून. तो पायाळू कसा निघाला, सुईण कशी घाबरली, दहाव्या महिन्यात विहिरीच्या काठापर्यंत कसा रांगत गेला. माझ्या बापाच्या वाडीतले पेरू चोरले त्याचं सगळं तिने सांगितलं, माझ्या नावासकट. मेलेल्या माणसाबद्दल बोलतात तसं, चढत्या सुरात, मध्येच गाऊन, मध्येच हुंदका देऊन. बायका हसत होत्या, डोळे पुसत होत्या, पुढचं आठवण करून देत होत्या. ग्लोरिया शेरॉनच्या कानात भाषांतर करत होती, मग तिला करवेना. शेरॉन मात्र आजीच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला लागत असेल तेवढं कळत होतं.

मी चटईवर जागा मिळाली तिथे बसलो.

आय त्याच्या दुबईला जाण्यापाशी आली. टॅक्सीपाशी आली. बावतीस खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला लागला.

शेरॉनने त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.

"सिट, डॅडा," ती म्हणाली. "ग्रॅनी इज नॉट डन."